गॉयडरची रेषा आणि लेकीच्या घराचा उतारा

लेकीने ॲडलेडमध्ये घर घेतलं तेव्हा फोनवर मी पहिला प्रश्न विचारला, "सर्च रिपोर्ट किती वर्षांचा काढलास?" ती म्हणाली, "बाबा, इथे तसं काही लागत नाही. एक पान आहे, त्यावर माझं नाव आहे. झालं." भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं मोजणीचं काम केल्यावर हे उत्तर ऐकून मला चैन पडेना. मार्च 2025 मध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, आणि पहिल्याच संध्याकाळी चहा व्हायच्या आत मी ते पान मागून घेतलं.

खरंच एक पान. वर खंड आणि पान क्रमांक, खाली मालकाचं नाव, बँकेचा बोजा आणि प्लॉटचा नकाशा. मागचा मालक कोण, त्याला जमीन कोणाकडून आली, वारस किती, यातलं काहीही नाही. आपल्याकडे फेरफारांची, म्हणजे मालक बदलल्याच्या नोंदींची, उतरंड चढत चढत मूळ मालकापर्यंत जायचं असतं. इथे उतरंडच नव्हती.

याला टॉरेन्स टायटल म्हणतात, आणि ते जन्मलं याच राज्यात, साऊथ ऑस्ट्रेलियात. रॉबर्ट टॉरेन्स वकील नव्हता. पोर्ट ॲडलेडच्या बंदरात तो जकातीचा प्रमुख होता. जहाजाचा मालक ठरवायला कोणी जुने दस्त उपसत बसत नाही, सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तो मालक. मग जमिनीला हा न्याय का नाही, असा त्याचा सवाल होता. वकिलांनी कडाडून विरोध केला, तरी 1858 मध्ये कायदा अमलात आला आणि टॉरेन्स स्वतः पहिला रजिस्ट्रार-जनरल झाला. नोंद हीच मालकी, आणि त्या नोंदीची हमी सरकारची. न्यूझीलंड, सिंगापूर, कॅनडाचे काही प्रांत अशी ही पद्धत जगभर गेली. आपला सातबारा मात्र मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. जमीन महसूल संहितेचं कलम 157 इतकंच सांगतं की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी. त्या 'उलट सिद्ध होईपर्यंत'मध्ये भावाभावांच्या किती पिढ्या कोर्टात गेल्या, हे मी बांधावर उभं राहून पाहिलेलं आहे. म्हणून त्या पानाकडे बघून मला मनापासून हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी लेकीने मॉन्टेफिओरी टेकडीवर नेलं. तिथे कर्नल विल्यम लाइटचा पुतळा आहे, हात खालच्या शहराकडे केलेला. लाइट हा या वसाहतीचा पहिला सर्व्हेअर-जनरल. 11 जानेवारी 1837 ला त्याने मोजणी सुरू केली आणि 10 मार्चला संपवली. दोन महिन्यांत एक-एक एकराचे 1042 प्लॉट आखले: नदीच्या दक्षिणेला 700, उत्तरेला 342. आणि शहराला चारी बाजूंनी मोकळ्या हिरव्या जागेचा वेढा, जो आजही बहुतांशी शाबूत आहे. आमची शंकू साखळी 33 फुटांची, तिच्या चौरसाचा एक गुंठा. त्यांची गंटर साखळी 66 फुटांची, म्हणजे बरोबर दुप्पट. ओळ धरायच्या काठ्यांनी आणि साखळीने, उन्हाळ्याच्या ऐन मध्यात हे काम कसं झालं असेल याचा अंदाज ज्याने साखळी ओढली आहे त्यालाच येईल. पुढे वरिष्ठांनी घाईघाईच्या मोजणीचा आग्रह धरला तेव्हा लाइटने राजीनामा दिला, आणि 1839 मध्ये क्षयाने तो गेला. त्याची कबर त्यानेच आखलेल्या एका चौकात आहे. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

या राज्याचं वेगळेपण असं की इथे कैदी आणून वसाहत केली नाही. सिडनी कैद्यांच्या जहाजांनी वसलं. साऊथ ऑस्ट्रेलिया आधी लंडनमध्ये कागदावर तयार झालं. वेकफिल्ड नावाच्या माणसाचा विचार असा की जमीन फुकट वाटायची नाही, ठरलेल्या दराने विकायची आणि त्या पैशातून मजुरांना जहाजाचं भाडं देऊन आणायचं. 1834 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि 28 डिसेंबर 1836 ला ग्लेनेलगच्या किनाऱ्याजवळ गव्हर्नर हिंडमार्शच्या उपस्थितीत वसाहतीची घोषणा झाली. धर्माच्या नावाखाली छळ नको म्हणून आलेले जर्मन लुथरन शेतकरी बरोसा खोऱ्यात स्थिरावले. त्यांच्या द्राक्षबागा आम्ही पाहिल्या. वेलींची मुळं खाणारा फायलोक्सेरा हा कीटक या राज्यात अजून शिरलेला नाही, त्यामुळे 1840 च्या दशकातल्या काही वेली आजही फळ देतात. नाशिकच्या एखाद्या बागायतदाराला त्या खोडांपुढे उभं करावं असं फार वाटलं.

पण 1834 च्या त्या कायद्यात एक शब्दप्रयोग होता: पडीक आणि वस्ती नसलेली जमीन. ती तशी नव्हती. ॲडलेडच्या मैदानावर गार्ना लोक हजारो वर्षं राहत होते. शहराच्या जागेला ते टर्नडान्या म्हणतात, लाल कांगारूची जागा. 1836 च्या राजाच्या सनदेत त्यांच्या ताब्यातल्या जमिनीचा हक्क राखला जाईल असं वचनही होतं. मोजणी झाली, विक्री झाली, वचन मात्र कोणी पाळलं नाही. मोजणीदाराच्या कामाची ही बाजू मी नोकरीत असताना कधी इतक्या उघड पाहिली नव्हती. ज्याच्या हाती साखळी त्याला प्लॉट दिसतात, आणि प्लॉटवर जे दाखवायचं नाही ते नकाशात येत नाही.

नॉर्थ टेरेसवरचं संसद भवन अधिवेशन नसलेल्या दिवशी पाहता येतं. इमारतीचा पश्चिम भाग 1889 चा आणि पूर्वेचा 1939 चा, मधली पन्नास वर्षं ती अर्धीच उभी होती. खालच्या सभागृहात 47 सदस्य, वरच्या सभागृहात 22. निवडणूक दर चार वर्षांनी, मार्चच्या तिसऱ्या शनिवारी, तारीख कायद्यानेच ठरलेली. मत देणं सक्तीचं. राजाचा प्रतिनिधी म्हणून गव्हर्नर असतो, कारभार प्रीमियर म्हणजे मुख्यमंत्र्याच्या हाती.

त्या भवनात मला सगळ्यात जास्त भिडली ती 1894 ची गोष्ट. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून मेरी ली आणि तिच्या सोबतिणींनी राज्यभर फिरून सुमारे 11,600 सह्या गोळा केल्या. कागद एकाला एक चिकटवून केलेली ती गुंडाळी जवळजवळ 400 फूट लांब झाली. विधेयक बारगळावं म्हणून विरोधकांनी त्यात बायकांना निवडणूक लढवण्याचाही हक्क घुसवला. त्यांना वाटलं, इतकं कोण मान्य करील! विधेयक त्या कलमासकट मंजूर झालं. मत देण्याचा आणि संसदेत बसण्याचा असे दोन्ही हक्क बायकांना एकदम देणारी ही जगातली पहिली संसद. मात्र प्रत्यक्षात पहिल्या दोन बायका इथे निवडून आल्या 1959 मध्ये. माझी बायको तीन टर्म ग्रामपंचायत सदस्य होती. ती मधली वर्षं मोजून म्हणाली, "पासष्ट वर्षं! कायदा होऊनसुद्धा."

मतदारसंघांच्या रेषांनीही इथे इतिहास घडवला. खेड्यांतल्या मतदारसंघात मतदार थोडे, शहरातल्या मतदारसंघात कितीतरी जास्त, आणि जागा खेड्यांना दुप्पट. या रचनेच्या बळावर टॉम प्लेफर्ड 1938 ते 1965 असा सव्वीस वर्षं प्रीमियर राहिला. रचना अन्यायाची होती यात शंका नाही. पण कारभार पाहिला तर माणूस कर्तबगार. विचाराने पुराणमतवादी असून 1946 मध्ये त्याने खाजगी वीज कंपनी सरकारी केली, मरे नदीचं पाणी नळाने शेकडो किलोमीटर नेलं, व्हायला नावाच्या गावात पोलादाचा आणि एलिझाबेथमध्ये होल्डन मोटारींचा कारखाना आणला. शेती आणि लोकरीवर जगणारं राज्य त्याने कारखान्यांवर आणलं. होल्डनची शेवटची गाडी 20 ऑक्टोबर 2017 ला बाहेर पडली. आणि आम्ही तिथे होतो तेव्हा रोज बातम्यांत व्हायला गाव होतं, कारण फेब्रुवारीतच राज्य सरकारने तो पोलाद कारखाना प्रशासकाच्या हाती सोपवला होता. लेकीच्या शेजारच्या आजोबांची उमेदीची वर्षं होल्डनमध्ये गेलेली. ते त्या कारखान्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत, जसं आमच्याकडे गिरणगावातली माणसं बोलतात.

आता राज्याचा भर तांबं, युरेनियम, वाइन, गहू, पाणबुड्या बांधण्याचं काम आणि वीज यांवर आहे. विजेचं नवल सांगण्यासारखं आहे. 2016 मध्ये शेवटचं कोळशाचं वीज केंद्र बंद झालं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वादळाने मनोरे पडले आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. पुढच्याच वर्षी जेम्सटाउनजवळ 100 मेगावॉटची बॅटरी उभी राहिली, तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी. आज राज्याची सुमारे 70 टक्के वीज वारा आणि उन्हातून येते.

क्रिकेटवेड्या माणसाने ॲडलेड ओव्हल चुकवणं शक्यच नव्हतं. जानेवारी 1948 मध्ये ब्रॅडमनने इथे द्विशतक ठोकलं, आणि त्याच कसोटीत आमच्या सांगलीच्या विजय हजारेंनी दोन्ही डावांत शतक केलं: 116 आणि 145. कोल्हापूरच्या दत्तू फडकरांचंही शतक त्याच सामन्यात. गवताकडे बघताना ऊर भरून आला.

प्रवासातला सगळ्यात मोठा दिवस बुर्राचा. ॲडलेडपासून उत्तरेला 160 किलोमीटर. 1845 मध्ये इथे तांबं सापडलं आणि डबघाईला आलेली वसाहत तरली. कॉर्नवॉलचे खाणकामगार आले. घरं पुरेनात, तेव्हा सुमारे 1800 माणसं ओढ्याच्या काठात पोखरलेल्या बिळांत राहिली. गावात पैसे भरले की पर्यटकाला एक किल्ली देतात. जुन्या वास्तूंची कुलपं आपणच उघडायची, बघायचं आणि परत लावायचं. ही रीत मला फार आवडली. खाण 1877 मध्ये बंद पडली.

बुर्राच्या पुढे रस्त्याकडेला एका पाटीपाशी मी गाडी थांबवायला सांगितली. गॉयडरची रेषा. जॉर्ज गॉयडर हा सर्व्हेअर-जनरल. 1865 च्या दुष्काळात तो घोड्यावरून हजारो मैल फिरला आणि जमिनीवर काय उगवतं ते बघत गेला. मल्लीची झुडपं कुठे संपतात, खारट मातीतलं सॉल्टबुश कुठे सुरू होतं, हे पाहून त्याने नकाशावर एक रेषा ओढली. दक्षिणेला गहू पिकेल, उत्तरेला फक्त चराई. ती साधारण दहा इंच पावसाच्या रेषेशी जुळते, आणि पावसाच्या नोंदी तेव्हा नावालाच होत्या. 1870 च्या दशकात दोन-चार वर्षं पाऊस बरा झाला. लोक गॉयडरला नावं ठेवू लागले, नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो असं म्हणू लागले, आणि 1874 मध्ये सरकारनेही बंधन उठवलं. शेतकरी रेषा ओलांडून गेले. 1880 च्या सुमारास पाऊस रुसला आणि सारे मागे फिरले. त्यांची दगडी घरं छप्पर नसलेली, धुराडी उभी, तशीच माळावर आहेत.

मी माणदेशचा. सलग दोन वर्षं पाऊस झाला की ऊस लावणारी आणि तिसऱ्या वर्षी छावणीत जनावरं बांधणारी माणसं माझ्याच घरात आहेत. त्या पडक्या भिंतीला हात लावला तेव्हा परका देश वाटला नाही. आम्ही गेलो त्या वर्षीही तिथे भीषण दुष्काळ होता. रस्त्याने गवताच्या गाठी लादलेले ट्रक सारखे उत्तरेकडे जाताना दिसले.

परतायच्या आदल्या आठवड्यात व्हिक्टोरिया चौकात गेलो. त्याला आता टर्नडान्यांगा असंही नाव आहे. पिवळं वर्तुळ असलेला आदिवासींचा काळा-लाल झेंडा 12 जुलै 1971 ला पहिल्यांदा इथेच फडकला. गार्ना लोकांनी 2000 साली केलेला दावा 2018 मध्ये कोर्टाने मान्य केला. पण खाजगी मालकीची नोंद झालेल्या जमिनीवरचा मूळ हक्क कायद्याने संपतो, त्यामुळे शहरातले थोडेच तुकडे त्यात आले.

त्या रात्री मी लेकीकडून ते पान पुन्हा मागितलं. टॉरेन्सने मागचं सगळं झाकलं म्हणून तिला गाढ झोप लागते, आणि याच झाकण्यामुळे गार्नांचं नाव कुठल्याही पानावर येत नाही. मी मागची बाजू उलटून पाहिली, कोरी होती. "काय शोधताय बाबा?" तिने विचारलं. मी म्हणालो, "पहिला फेरफार." मग तिला बसवून लाइटच्या मोजणीपासून सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर तिने तिच्या पेठेच्या जागेचं गार्ना नाव शोधून काढलं आणि ते कागदाच्या मागे पेन्सिलने लिहिलं.