पैसे घ्या, पण गाडी लावायचे घ्या

पुण्यात गाडी चालवायला त्रास होतो पण लावायला पैसे पडत नाहीत, सगळी गोम इथे आहे असं माझं मत आहे आणि ते आमच्या घरात कुणालाच पटत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तर विचारूच नका. कुणीतरी लंडनचा व्हिडिओ टाकला, तिथे शहराच्या मध्यभागात गाडी नेली की पैसे भरावे लागतात, कॅमेरा नंबर टिपतो वगैरे, आणि खाली लिहिलं की पुण्यात पण हेच पाहिजे, हवा स्वच्छ होईल आणि ट्रॅफिक पण सुटेल. झालं. अर्धे म्हणाले ताबडतोब करा, अर्धे म्हणाले आधी खड्डे बुजवा मग आमच्या खिशात हात घाला. एक काका आहेत ते कुठल्याही विषयात प्रॉपर्टी टॅक्स काढतात, त्यांनी तो काढला. मी पण तिथे लिहायला घेतलं होतं, मग म्हणलं एवढं मोठं ग्रुपवर कोण वाचणार, म्हणून इथे.

आधी त्या परदेशाच्या मुद्द्याचं बघू, कारण लोक दोन वेगळ्या गोष्टींची भेळ करतात. एक गर्दीचे पैसे. लंडनने २००३ च्या फेब्रुवारीत सुरू केले ते हे, मुख्य हेतू मध्यभागातल्या गाड्या कमी करणं. दुसरे धुराचे पैसे. माझा आतेभाऊ बर्मिंगहॅमला असतो, तिथे २०२१ च्या जूनपासून जुन्या इंजिनची कार मध्यभागात नेली की दिवसाला ८ पाउंड, पण पेट्रोल गाडी युरो ४ किंवा डिझेल युरो ६ असेल, म्हणजे तिकडच्या धुराच्या नियमांत बसणारी, तर काहीच नाही. मग यानं काय केलं, गाडी बदलली आणि आता निवांत रोज गाडीनेच जातो. धूर कमी झाला, रस्त्यावरची गाडी आहे तिथेच. वाईट केलं असं नाही म्हणत मी, फक्त आपल्याला नेमकं काय कमी करायचंय ते आधी ठरवा ना.

आणि धुराचा कर आपल्याकडे नाही असं कुणी सांगितलं? खाजगी गाडीला १५ वर्षं झाली की रजिस्ट्रेशन रिन्यू करताना पर्यावरण कर भरावा लागतो, महाराष्ट्रात २०१० पासून आहे हा. आमच्या अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्यांच्या जुन्या स्कूटरचा भरला तेव्हा घरात जे काय भाषण झालं ते अजून आठवतंय. त्यांची स्कूटर जाते कुठे तर मंडईत, बँकेत आणि फारतर एखाद्या लग्नाला. समोरच्या विंगमधली नवीकोरी एसयूव्ही रोज कोथरूडहून खराडीला जाते आणि येते, एकटा माणूस आत, तिला हा कर शून्य. अप्पा म्हणाले, मी म्हातारा म्हणून मला दंड, असं म्हण की सरळ. आता स्कूटरचा धूर नव्या गाडीपेक्षा वाईट असणार हे मला मान्य आहे, बीएस ६ म्हणजे नव्या गाड्यांसाठीचे धुराचे कडक नियम आलेत २०२० पासून, पण गाडी किती फिरते आणि किती जागा खाते हे त्या करात कुठेच नाही हा त्यांचा मुद्दा मला बरोबर वाटतो.

पीयूसीचं तर काय बोलावं. पंपाच्या कोपऱ्यात ती व्हॅन उभी असते, मुलगा नंबर प्लेटचा फोटो काढतो, नळी सायलेन्सरला लावली न लावली, आतून प्रिंटरचा कर्र आवाज, कागद हातात. परवा माझ्या पुढे एक टेम्पो होता, चालू केला तेव्हा मागच्या माणसाने रुमाल नाकाला लावला, आणि तो पास झाला. पास!

बरं हवेचं म्हणाल तर पुण्यात नुसता धूर नाहीये, धूळ आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमात आपलं शहर आहे, म्हणजे हवा ठरलेल्या मानकात न बसणाऱ्या शहरांच्या यादीत आहे, आणि ते मानक तरी केवढं सैल, पीएम २.५ म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचं वर्षाचं सरासरी ४० मायक्रोग्रॅम, जिथे जागतिक आरोग्य संघटना ५ म्हणते. डिसेंबरात सकाळी टेकडीवर जा, खाली शहरावर तो मळकट थर बसलेला दिसतो, थंडीत हवा खालीच अडकते. त्यात खोदलेले रस्ते, बांधकामं, डंपरमधून सांडलेली खडी, रस्त्याच्या कडेला साठलेली माती जी दर बस गेली की उडते, कुठे कचरा पेटवलेला. गाडीवाल्याकडून शंभर रुपये घेतले म्हणून ती माती कुठे जाणार नाहीये, ती उचलायलाच लागेल, आणि उचलताना पाणी मारायला लागेल, नाहीतर झाडणाऱ्या गाडीच्या मागे स्कूटर चालवून बघा एकदा.

मग आमच्या ग्रुपवरच्या दुसऱ्या पार्टीचं उत्तर काय, तर रस्ते मोठे करा, पूल बांधा. अहो बांधतोयच की. नळ स्टॉपचा दुमजली पूल २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, वरून मेट्रो, मधे पूल, खाली रस्ता, लोक बघायला आले होते, आणि काही दिवसांत कळलं की गर्दी गेली नाही, फक्त पुढच्या चौकात जाऊन उभी राहिली. विद्यापीठ चौकातला पूल तर बांधून १५ वर्षं पण झाली नसतील, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडला, नवीन दुमजली पुलासाठी, आणि मग कित्येक वर्षं तिथे जे काय हाल झाले ते औंध-बाणेरच्या लोकांना विचारा. बीआरटी, म्हणजे बसला वेगळी लेन, २००६ ला कात्रज-स्वारगेट-हडपसर अशी आपण देशात पहिल्यांदा आणली म्हणून मिरवलं, आणि नगर रोडची बीआरटी आपणच काढून टाकली, का तर गाड्यांना लेन कमी पडते. बसची लेन काढून गाड्यांना दिली आणि नगर रोड मोकळा झाला का? जाऊन बघा संध्याकाळी. आता बालभारती ते पौड फाटा रस्ता, वेताळ टेकडीच्या अंगावरून. त्यावरून २०२३ ला लोक रस्त्यावर उतरले, आमच्या घरातून पण दोघं गेलो होतो. लॉ कॉलेज रोडवर राहणाऱ्या माझ्या मावशीला तो रस्ता हवाय, तिच्या दारात दिवसभर हॉर्न वाजतात, तिला मी काय सांगू. पण नळ स्टॉपला जे झालं ते टेकडीच्या पलीकडे होणार नाही असं कशावरून? टेकडी मात्र एकदाच फोडता येते.

टॉमटॉम म्हणून एक नकाशे आणि ट्रॅफिकची माहिती देणारी कंपनी आहे, त्यांच्या २०२४ च्या आकड्यांत पुणे जगात चौथ्या नंबरचं संथ शहर निघालं, १० किलोमीटरला ३३ मिनिटं २२ सेकंद. ग्रुपवर हे टाकल्यावर एकाने लिहिलं, यात कोलकाता आणि बंगलोर आपल्या पुढे आहेत. म्हणजे त्यात पण नंबर गेला याचं दुःख.

आता माझा मुद्दा. लोक गाडी काढतात ते वेडे म्हणून काढत नाहीत, हिशोब करून काढतात. मी कर्वेनगरहून पेठेत जायचं तर साधारण सहा किलोमीटर. बसला २०२५ च्या जूनपासून कमीत कमी तिकीट ५ चं १० झालं आणि पाच किलोमीटरच्या पुढे दहापर्यंत २० रुपये. स्कूटरला तेवढ्या अंतराला पेट्रोल पंधरा-सोळा रुपयांचं. मागे मुलगी बसली तर बसला दोघींचे ४०, स्कूटरला तेच पंधरा-सोळा. बसची वाट बघायची ते वेगळंच. आणि तिथे पोचल्यावर गाडी लावायला काय? बहुतेक ठिकाणी काही नाही. मग कोण कशाला बसने जाईल? २०१८ सालीच बातमी होती की शहरात माणसं ३५ लाख आणि गाड्या ३६ लाख, त्या काय आकाशातून पडल्या नाहीत, प्रत्येकाने असाच हिशोब घातला.

माझं माहेर सदाशिव पेठेत आहे, तिथली गल्ली डोळ्यासमोर आणा. पी-१, पी-२ च्या पाट्या, म्हणजे विषम तारखेला या बाजूला लावा आणि सम तारखेला त्या. एका बाजूला टू-व्हीलर अशा खेटून की मधली काढायची तर आधी शेजारच्या दोन उचलून सरकवायच्या. दुसरी बाजू मोकळी पाहिजे, तर तिथे एक टेम्पो माल उतरवतोय आणि त्याच्यामागे एक चारचाकी, चारी इंडिकेटर चालू, ड्रायव्हर गायब, कारण इंडिकेटर लावले की पार्किंग नसतं, ते फक्त थांबणं असतं, पाचच मिनिटं. मधे उरली एक लेन. त्यात बस शिरली की कंडक्टर दारातून अर्धा बाहेर येऊन बसच्या पत्र्यावर थापा मारत येऊद्या येऊद्या करतो आणि मागे अख्खी रांग हॉर्नवर. मग तेवढ्यात टोइंगवाले येतात, स्पीकरवर नंबर पुकारत, आणि आजूबाजूच्या सगळ्या दुकानांतून माणसं चावी नाचवत धावत बाहेर, साहेब साहेब आलो आलो. दोन गाड्या उचलल्या जातात, व्हॅन जाते, आणि त्या जागेवर पाचव्या मिनिटाला दुसऱ्या दोन. रस्ता अरुंद आहे हे खरंच, पण त्यातला निम्मा आपण गाड्यांना फुकट झोपायला दिलाय. एका कारला उभं राहायला शंभर-सव्वाशे स्क्वेअर फूट लागतात, तेवढ्या जागेत पेठेत माणूस दुकान थाटतो आणि भाडं भरून कंबर मोडते त्याची.

म्हणून म्हणते, मध्यभागात येण्याचे पैसे नकोत, गाडी उभी करण्याचे घ्या. कॅमेऱ्यांचं जाळं नको, कुठे हद्द सुरू होते कुठे संपते ही भांडणं नकोत, नुसतं कुणाला आईला दवाखान्यात सोडून पुढे जायचंय तर त्याला काही पडायला नको. तासाला पैसे, गर्दीच्या रस्त्यावर जास्त, लांबच्या रस्त्यावर कमी. आणि हे मी शोधलेलं नाही. २०१८ च्या मार्चमध्ये महापालिकेने हेच पार्किंग धोरण मंजूर केलं होतं, आंदोलनं झाली, मग सगळीकडे नको फक्त पाच रस्त्यांवर करून बघू असं ठरलं, आणि तेही राहिलं. अधूनमधून विषय परत निघतो, निवडणूक जवळ आली की गार पडतो.

दुकानदार म्हणतात गिऱ्हाईक तुटेल. ही भीती खोटी नाही, माझा सख्खा काका दुकानदार आहे. पण लक्ष्मी रोड ११ डिसेंबरला दिवसभर गाड्यांना बंद असतो, पादचारी दिन म्हणून, २०२१ पासून चाललंय, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक, एकदा जाऊन या. म्हातारी माणसं रस्त्याच्या मधून चालत असतात, मधेच थांबून गप्पा मारतात, हे एरवी तिथे शक्य आहे का. आणि गणपतीत संध्याकाळी रस्ते बंद झाले की उभं पुणं पायी येतं, तेव्हा कुठे तुटतं गिऱ्हाईक? जंगली महाराज रोडचे फुटपाथ रुंद केले तेव्हा पण हीच ओरड होती, आता तिथे बाकावर बसायला जागा मिळत नाही. काका म्हणतो गणपतीत लोक देखावे बघायला येतात, साड्या घ्यायला नाही. असू दे, हा वाद आमचा चालूच असतो.

एक अट मात्र पाहिजे आणि त्यावर मी त्या खड्डेवाल्यांच्या बाजूने आहे. आधी बस. स्टॉकहोमने २००६ च्या जानेवारीपासून सात महिने गर्दीचे पैसे घेऊन बघितले, पण जादा बस आदल्या ऑगस्टपासूनच सुरू केल्या होत्या, लोकांना आधी दुसरी सोय दिली. हद्दीवरची वाहतूक साधारण वीस टक्क्यांनी कमी झाली, मग लोकांचं मत घेतलं आणि २००७ ला ते कायम केलं. आपल्याकडे उलटं, तिकीट आधी वाढवतो आणि बस नंतर बघू. पार्किंगचा प्रत्येक रुपया बसला आणि फुटपाथला गेला पाहिजे आणि तो गेला हे दिसलं पाहिजे, म्हणजे ज्या रस्त्याचे पैसे जमले त्या रस्त्याच्या बसस्टॉपवर बोर्ड लावा, एवढे जमले, एवढ्यात हे केलं. ठेकेदाराचा माणूस पावतीपुस्तक घेऊन उभा आणि पावती मागितली की दहा रुपये कमी सांगतो, तसलं असेल तर माझा पण विरोध.

पेठेतल्या वाड्यांचं काय हा प्रश्न उरतोच, तिथे पार्किंग नावाची गोष्टच नव्हती बांधताना. त्यांना घरटी एका गाडीचा स्वस्तात पास द्या, दुसरीला पूर्ण रेट. अप्पांना हे पटलं, कारण त्यांची एकच स्कूटर आहे. आमचे हे म्हणाले, आपली दुसरी गाडी वर्षभर गेटबाहेर रस्त्यावर झाडाखाली उभी असते, तिचे पण भरणार का तू? भरू की. नाहीतर विकू, बॅटरी उतरलीये का ते बघायला जाण्यापलीकडे तिच्याजवळ जातंय कोण.