तुम्ही विचारलंत म्हणून: पीएचपी असताना इन्क्लूड कशाला?

सर्व्हरवर चालणारी पीएचपीसारखी प्रोग्रॅमिंग भाषा हाताशी असताना मी अजूनही सर्व्हर साइड इन्क्लूड का वापरतो, असे मला वारंवार विचारले जाते.

इन्क्लूडला मी भाषा मानतच नाही. पान पाठवण्यापूर्वी सर्व्हर ते वाचतो, एचटीएमएलच्या कॉमेंटच्या (ब्राउझरमध्ये न दिसणाऱ्या टिपेच्या) रूपात लिहिलेली सूचना दिसली की तिच्या जागी सांगितलेली फाइल आणून बसवतो आणि पान पुढे धाडतो. चाळीस पानांच्या संकेतस्थळाला मेनूची फाइल एकच असली, की नवा दुवा एकाच ठिकाणी घालून भागते, आणि माझी बहुतेक संकेतस्थळे याहून अधिक काही मागत नाहीत.

हेच काम पीएचपीतही एका ओळीत होते, हे मान्य. पीएचपीचा जनक रॅस्मस लेरडॉर्फ याने १९९५ मध्ये जाहीर केलेली पीएचपीची पहिली साधनेही मुळात आपला रेझ्युमे किती जण पाहतात, एवढे मोजण्यासाठीच होती. पण भाषा हाताशी असली की मेनूच्या फाइलीत आज एक अट शिरते, उद्या डेटाबेसची जोडणी आणि परवा तिचा पासवर्ड. आणि एखाद्या दिवशी सर्व्हरवर पीएचपी चालेनासे झाले, तर तो सगळा कोड पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये जसाच्या तसा उघडा पडू शकतो. इन्क्लूड बंद पडले, तर सूचना कॉमेंट म्हणून पानातच दडून राहते.

अर्थात हे दडणेही छळते. एकदा सर्व्हर बदलल्यावर सगळ्या पानांवरचा मेनू नाहीसा झाला, आणि एररचा कुठे मागमूस नव्हता. अर्धा दिवस फाइलींचे पाथ तपासल्यावर पानाचा सोर्स उघडला, तेव्हा इन्क्लूडची ओळ तिथे अक्षरशः तशीच बसलेली दिसली: अपाचे या वेब सर्व्हरच्या नव्या कॉन्फिगरेशनमध्ये इन्क्लूडची परवानगी द्यायची मीच विसरलो होतो. (परवानगी देताना एक्झेक ही सूचना मात्र बंद ठेवावी; पानातून सर्व्हरवरच्या कमांड चालवण्याची सोय मला कधी लागलेली नाही.)

फॉर्म किंवा शोध आला, की मी वाद न घालता पीएचपीकडे वळतो. अवघड असते ती मधली जागा. इन्क्लूडमध्ये अट घालता येते, लूप (तीच कृती पुन्हापुन्हा करवणे) नाही. त्यामुळे मेनूतला चालू पानाचा दुवा ठळक करण्यासाठी मी सात दुव्यांना सात अटी लिहिल्या होत्या. आठवा दुवा आला त्या दिवशी ती फाइल पीएचपीत नेली.