बेल हाउसिंगवरचं तेल वरून आलं होतं

नोव्हेंबरपासून माझ्या पिकअपखाली पुठ्ठा अंथरलेला होता. गाडी शेवरलेची, १९९८ ची, इंजिन ५.७ लिटरचं व्ही-८. इथे टेक्सासला आल्यावर घेतलेली ही माझी पहिली गाडी आणि माझा तिच्यावर फार जीव आहे. रोज सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा काळा डाग दिसायचा, तोही इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखालीच. एका गॅरेजवाल्याने वाकून बघितलं आणि सांगितलं, क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं तेल अडवणारं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

मला ते पटेना. थंड इंजिन सुरू केलं की पहिली दोन मिनिटं मिसिंग व्हायचं, निळसर धूर यायचा. मागच्या सीलमुळे असं होत नाही.

बाबांनी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली. फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इंजिन धुतलंस का?"

नव्हतं धुतलं.

"मग कुठनं गळतंय ते तुला कसं कळलं? आधी धू. पंख्याच्या वाऱ्यानं तेल मागंच जातं."

शनिवारी डिग्रीझर मारून सगळं स्वच्छ केलं, तेलात चमकणारा रंग टाकला, चाळीसेक मैल फिरवून आणलं. अंधारात यूव्ही टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघितलं. डिस्ट्रिब्यूटरचा, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचा, पाया कोरडा होता. ओघळ सुरू होत होता त्याच्या खालून, इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या वरच्या भागाच्या, मागच्या कडेपासून. तिथून ब्लॉकवरून बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरचं घंटेसारखं आवरण), मग पुठ्ठ्यावर. या इंजिनात मॅनिफोल्डच्या पुढच्या-मागच्या कडांना गॅस्केट नसतं, सिलिकॉनचा थर असतो. तो मागे सुटला होता.

पण धुराचं काय? मॅनिफोल्डच्या कडेने कार्ब क्लीनर फवारला, बाहेरून हवा शिरत असेल तर आयडलिंग बदलतं, ते जराही हललं नाही. स्कॅनरवर फ्युएल ट्रिमही (इंधनाच्या प्रमाणात कॉम्प्युटर करतो ती दुरुस्ती) ठीक. इथे मी आठवडाभर अडकलो. मग लक्षात आलं की गॅस्केटची खालची कड दिसतच नाही, ती आतल्या पोकळीकडे असते. तिथून इंजिन क्रँककेसमधली (खालच्या, तेल असलेल्या पोकळीतली) हवा ओढतं, तेलाच्या वाफेसकट. आणि क्रँककेसमध्ये येणारी हवा एअरफ्लो सेन्सरने आधीच मोजलेली असते, त्यामुळे ट्रिम बोलत नाही.

मग पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला गॅस मॅनिफोल्डकडे सोडणारी झडप) काढून त्याचं भोक आणि व्हॅक्यूमचा पाइप दोन्ही बंद केले, क्रँककेसमध्ये हवा आणणारा ब्रीदरही बंद केला, आणि तेल ओतायच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवला. इंजिन निरोगी असेल तर पिस्टनकडून निसटलेल्या गॅसने तो हळूहळू फुगायला हवा. माझा आत ओढला गेला, म्हणजे मॅनिफोल्ड क्रँककेसमधलीच हवा ओढत होतं. त्या क्षणी मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

मॅनिफोल्ड उचलल्यावर सगळं उघडं पडलं. एका पोर्टखाली गॅस्केटचं रबर दगडासारखं कडक झालं होतं आणि त्या सिलिंडरचा प्लग तेलाने काळा.

धातूच्या चौकटीचं गॅस्केट बसवलं, मागे नवं सिलिकॉन भरलं. आठ बोल्ट, टप्प्याटप्प्याने, शेवटी ११ फूट-पाउंड जोराने आवळले. एवढ्या मोठ्या इंजिनाला हे फारच कमी वाटतं, पण जास्त आवळू नका. डिस्ट्रिब्यूटर काढण्याआधी त्यातला फिरता रोटर कुठे आहे त्याची खूण मात्र नक्की करा. त्याच्या गिअरचा एक दात इकडचा तिकडे झाला तरी कॉम्प्युटर तक्रार करतो.

सिलिकॉनला रात्रभर वेळ दिला. रविवारी दुपारी स्टार्टर मारला, धूर नाही. पुठ्ठा तीन आठवडे कोरडा आहे. जुनं गॅस्केट मी धुऊन पिशवीत भरून ठेवलंय, बाबांना हातात घेऊन बघायचंय.