बॉबिन घेताय? आधी नळीची दोन्ही तोंडं तपासा

फ्लाय टाइंगचं, म्हणजे मासेमारीच्या गळावर पिसं-धागे बांधून खोटे किडे (फ्लाय) बनवण्याचं, सामान घ्यायला निघालं की व्हाइसवर, म्हणजे गळ पकडून ठेवणाऱ्या शिकंजावर, प्रत्येकाचं मत तयार असतं. जबडा कसा हवा, फिरणारी हवी की साधी, यावर लोक हिरीरीने भांडतात. बॉबिनचं विचारलं की मात्र "कुठलीही घे, सगळ्या सारख्याच" अशी बोळवण होते. हे वाक्य ज्यांनी ज्यांनी मला ऐकवलं, त्यांच्यावर माझा राग अजून गेलेला नाही.

नवीन माणसासाठी थोडक्यात सांगते. तारेचे दोन पाय आणि वर एक बारीक नळी, एवढीच ही वस्तू. पायांच्या टोकांना गुंड्या असतात, त्यांच्यात धाग्याचं रीळ बसतं. धागा नळीतून बाहेर येऊन गळाभोवती गुंडाळला जातो. हात सोडला तरी बॉबिन आपल्या वजनाने खाली लटकते, धागा ताणलेला राहतो आणि बांधलेलं पीस जागचं हलत नाही. मी मध्यम लांबीच्या साध्या स्टीलच्या नळीची बॉबिन घेतली. रीळ बसलं, धागा ओवला गेला, सगळं सुरळीत.

मग धागा तुटायला लागला. तोही कधी? शेपूट बांधून झाली, अंग झालं, मानेला पीस गुंडाळत आणलं की तट्ट! वरचे सगळे वेढे सुटून पीस हातात. मी 70 डेनियरचा धागा वापरत होते. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, तेव्हा 70 म्हणजे बारीकच म्हणायचा. (डब्यावरच्या 6/0, 8/0 या जाडीच्या आकड्यांवर फार विसंबू नका, दोन कंपन्यांचा 8/0 सारखा निघेलच असं नाही. डेनियर बघून घ्या.) पण बारीक असला तरी तो इतका लेचापेचा नसतो. नुसत्या हातांनी ओढून बघितला तर चांगलाच टिकत होता.

विकणाऱ्याला कळवलं. उत्तर आलं, "मॅडम, हात हलका ठेवा." पुन्हा लिहिलं, तर "नवीन आहात का? सुरुवातीला सगळ्यांचाच तुटतो." मग व्हिडिओ मागवला. तो पाठवला, त्यावर बरेच दिवस सामसूम. ओळखीतले जाणकारही त्याच सुरात. कोणी म्हणे गळाच्या टोकाला धागा घासतोय, कोणी म्हणे धागा जुना असेल, आणि शेवटी पुन्हा तेच, हात जड आहे. हात, हात आणि हात! या एका शब्दाने माझं डोकं फिरायची वेळ आली.

गळाच्या टोकाची शंका रास्त असते, ती आधी फेडून घ्यावी. टोकाला लागलेला धागा एकदम, एकाच जागी कापला जातो. माझा तसा तुटत नव्हता. नळी आणि गळ यांच्या मधल्या धाग्याकडे उजेडात नीट पाहिलं, तर तो आधी पिंजला जात होता. एकेक तंतू सुटून केसाळ झालेला, आणि त्यानंतर तुटणारा. म्हणजे घासणारी वस्तू धाग्याच्या वाटेतच होती. तेच रीळ एका मैत्रिणीच्या बॉबिनमध्ये घालून बांधलं. धाग्याने एकदाही कुरकुर केली नाही. हात तोच होता बरं का!

मग टूथपिकला कापसाचा विरळ बोळा गुंडाळून नळीच्या तोंडातून हळूच गोल फिरवला. एका बाजूला कापूस अडकला आणि त्याचा तंतू तिथेच राहिला. भिंगातून पाहिलं तर आतल्या काठावर चकाकणारी कूस, म्हणजे धातूचा धारदार कंगोरा. नळी कापल्यावर काठ घासून गुळगुळीत करायचा असतो, तो केलेलाच नव्हता. हा फोटो पाठवल्यावर मात्र हाताचा विषय बंद झाला आणि बदली बॉबिन आली, "चेक करून पाठवली आहे" या शेऱ्यासह.

तिच्यातही धागा पिंजायला लागला, पण थांबून थांबून. काही वेळ अगदी छान चालायचा, मग पुन्हा केसाळ. वरचं तोंड कापसाने तपासलं, स्वच्छ होतं. शेवटी रिळाकडे टक लावून बसले तेव्हा उलगडा झाला. धागा रिळाच्या डाव्या कडेवरून सुटत असला की घासायचा, मधून किंवा उजवीकडून सुटला की नाही. कूस खालच्या तोंडाला होती, जिथून धागा नळीत शिरतो. रिळाच्या कडेवरून येणारा धागा तिथे तिरका होऊन काठावर दाबला जातो. "चेक करून" म्हणजे काय चेक केलं होतं ते कळलं.

तेव्हा बॉबिन हातात आली की कापूस दोन्ही तोंडांना फिरवा, धागा ओवायच्या आधी. किरकोळ कूस असेल तर जाड सुती दोऱ्याला धातूचं पॉलिश लावून तो नळीतून दोन्ही बाजूंना ओढत राहा, मग स्पिरिटने नळी धुवा. मी दुसरी बॉबिन अशीच वळणावर आणली. पहिलीची कूस फार मोठी होती, ती परत गेली.

नंतर सिरॅमिकची घेतली. इथे एक प्रश्न विचारायलाच हवा, अख्खी नळी सिरॅमिकची आहे की फक्त टोकाला बसवलेलं आहे? टोकालाच असेल तर खालचं तोंड धातूचंच राहतं, आणि माझी कहाणी तुम्ही वाचलीच आहे. सिरॅमिक फरशीवर पडलं तर टवका उडू शकतो, आणि टवका उडालेला काठ कुसेपेक्षा वाईट. पडली की पुन्हा कापूस फिरवा.

पायांच्या ताणाचं मघाशीच सांगायला हवं होतं. बॉबिन धाग्याला लटकवली की आपोआप खाली सरकता कामा नये, पण हलकं ओढलं की रीळ फिरलं पाहिजे. घट्ट वाटली तर रीळ काढून दोन्ही पाय सारखेच बाहेर वाकवा, सैल वाटली तर आत. एकच पाय वाकवला तर रीळ तिरकं बसतं. स्क्रूने ताण बदलणाऱ्या बॉबिनही मिळतात. बारीक धागा आणि जेल-स्पन (फार मजबूत, निसरडा कृत्रिम धागा) असे दोन्ही सतत बदलून वापरणाऱ्याला त्या सोयीच्या, बाकीच्यांनी घाई करू नये.

लहान गळांना आखूड नळी बरी, हरणाच्या केसांच्या जाड फ्लायना लांब. फ्लॉससाठी (फ्लायच्या अंगाला गुंडाळायचा जाड, मऊ रेशमी धागा) रुंद तोंडाची वेगळी ठेवा. मेण लावलेला धागा वापरत असाल तर नळीत मेण साचतं, जाड नायलॉनची तार आत घालून ते ढकलून काढा. धागा ओवायला तोंडाने श्वास ओढणारे लोक आहेत. मी दातांच्या फ्लॉससाठी मिळणारा प्लास्टिकचा फासा वापरते, स्वच्छही आणि झटपटही. चपट्या धाग्याला वेढे देता देता पीळ बसतो. उजव्या हाताने बांधणाऱ्यांनी लटकती बॉबिन वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की तो पुन्हा चपटा होतो.

आणि रीळसुद्धा तपासा. धाग्याचं टोक अडकवायला प्लास्टिकच्या कडेला जी खाच असते, तिचे काठ कधी कधी धारदार असतात. धागा सुटताना तिथे अडकला तर बॉबिन कितीही चांगली असो, तुटणारच. नखाने चाचपून बघा. खरखर लागली तर रीळ उलटं बसवून खाच दुसऱ्या बाजूला न्या, नाहीतर बारीक पॉलिश पेपरचा एक हात मारा.