काठी कोणत्या हातात धरावी

उजव्या खुब्याचा सांधा बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी मला वॉकर धरून उभे करण्यात आले, तेव्हा खाटेपासून दारापर्यंतची दहा-बारा पावलेही खूप वाटली होती. घरी आल्यावर मात्र मी भलताच उत्साही झालो. हॉल ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या वहीत लिहू लागलो आणि काल चाळीस झाल्या म्हणून आज पन्नास झाल्याच पाहिजेत, असा हट्ट धरला. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी पाय टम्म सुजला. तपासणीत रक्ताची गुठळी नसल्याचे कळले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी वही मिटायला लावली आणि फरशीच्या सांध्याची सरळ रेघ धरून मला चालवले. आधी टाच, मग चवडा, दोन्ही पावले सारख्या लांबीची. वळताना ऑपरेशन झालेल्या पायावर गिरकी न घेता छोटी छोटी पावले टाकत वळायचे. शस्त्रक्रियेपूर्वी दोन वर्षे दुखरा पाय वाचवत लंगडल्यामुळे सांधा नवा आला तरी चाल जुनीच राहिली होती, हे मला तेव्हा उमगले.

वॉकर सुटून काठी आली आणि भेटायला येणारा प्रत्येक जण विचारू लागला, "उजवा पाय दुखतो ना, मग काठी डाव्या हातात कशी?" एका पायावर भार येतो तेव्हा त्या बाजूच्या खुब्याबाहेरचे स्नायू कंबर समतोल ठेवतात. शस्त्रक्रियेनंतर ते दुबळे असतात, म्हणून कंबर दुसऱ्या बाजूला कलते. विरुद्ध हातातली काठी सांध्यापासून लांब टेकत असल्याने थोड्याशा जोरानेही ती कंबर सावरून धरते. त्याच बाजूला धरली, तर सगळे अंग तिच्यावर झुकते आणि लंगडणे उलट पक्के होते. (हे समजावून सांगेपर्यंत चहा गार होतो.) जिन्याचे सूत्र सोपे आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी.

आता दहावा आठवडा चालू आहे. सकाळी वीस मिनिटे इमारतीभोवती आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे घरातच चालतो. काठी आणि उजवे पाऊल एकाच वेळी टेकले पाहिजे, ते मागेपुढे झाले, की स्वयंपाकघरातून पत्नी न बघताच म्हणते, "दोन आवाज येताहेत, बसा आता."