मालकीचं घर संपतं, भाड्याची खोली उरते

सिंगापुरात मी घराचा मालक आहे. कागदोपत्री, रीतसर, कर्जाचे हप्ते भरणारा. तरी 2070 च्या दशकात ते घर सरकारजमा होणार आणि मुलीच्या हाती काही लागणार नाही. यंदा सुट्टीत गिरगावात काकांकडे हे सांगितलं, तर चुलतभाऊ हसून म्हणाला, "म्हणजे खरा भाडेकरू तूच की!" वास्तविक कायद्याने भाडेकरू काका आहेत. आजोबांनी पागडीने, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या चाळीतल्या दोन खोल्या. सध्या तिथे पुनर्विकासाची संमतीपत्रं गोळा करणं चाललंय, त्यामुळे कुणाकडेही गेलं तरी विषय घराचाच निघतो.

सिंगापुरात दहातले जवळपास आठ लोक एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. ("म्हाडाचं घर" म्हणताना आपल्याकडे जो सूर लागतो, तो तिकडे लागत नाही.) मंडळ 1960 चं. 1966 च्या भूसंपादन कायद्याने सरकारला जमिनी स्वस्तात मिळाल्या आणि 1968 पासून लोकांना पीएफमधून घराचे पैसे भरायची मुभा मिळाली. पगारातून सक्तीने 20 टक्के कापतात, कंपनी 17 टक्के घालते. त्यामुळे नवं लग्न झालेल्या जोडप्यांना वडिलांपुढे हात पसरावा लागण्याचं प्रमाण कमी. आईवडिलांपासून चार किलोमीटरच्या आत जुना फ्लॅट घेतला तर नागरिकांना अनुदानही मिळतं. एकट्या माणसाला मात्र पस्तिशीपर्यंत थांबवतात. सरकारला लग्नं झालेली हवी असतात, बाकी काय!

पण हे सगळं 99 वर्षांच्या लीजवर. 2017 मध्ये तेव्हाचे विकासमंत्री आणि आताचे पंतप्रधान लॉरेन्स वाँग यांनी स्पष्टच सांगितलं, की सरकार मोबदला देऊन प्रत्येक जुनी इमारत घेईल असं धरून चालू नका. लीज संपली की घर परत. जुने फ्लॅट घेतलेल्यांचे चेहरे उतरले. 2020 च्या अखेरीला गेलांग भागातल्या 191 खासगी घरांची 60 वर्षांची लीज संपली आणि ती भरपाईशिवाय सरकारकडे गेलीही.

गिरगावात याच्या बरोब्बर उलट. 1947 च्या कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचंच होतं, पण टंचाईसाठी केलेला उपाय अर्धं शतक तसाच राहिला. त्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना, तेव्हा 1969 च्या कायद्याने उपकर बसवून रिपेअर बोर्ड आणलं. पागडी तर बेकायदा असूनही सर्रास चालली. तिला 1999 च्या कायद्याने मान्यता दिली आणि भाडं वर्षाला 4 टक्के वाढवायची परवानगी मिळाली.

यातली खरी मेख वारसाची आहे. भाडेकरू वारला की हक्क जातो तो त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे. आजोबा गेले तेव्हा खोलीत काका होते. दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती म्हणून बाबा लग्नानंतर डोंबिवलीला गेले होते आणि आत्या सासरी. बाहेर घर घेण्याइतकी मिळकत नव्हती म्हणून काका राहिले, मोरी आणि सामाईक संडासासकट. विकास नियमावलीच्या 33 (7) कलमाखाली आता अशा भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांचं घर मालकीहक्काने, फुकट. बिल्डरला बदल्यात जादा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची मुभा. तीन भावंडांपैकी दक्षिण मुंबईत घर कोणाला, हे त्या वेळी रेशनकार्डावर कोणाचं नाव होतं एवढ्यावरून ठरलं. बाबांनी डोंबिवलीच्या वन बीएचकेसाठी निम्मी नोकरी हप्ते भरले, वर लोकलला लटकले ते वेगळंच.

मला काकांच्या घराचा हेवा वाटत नाही. ती वर्षं त्यांनी काढलीत. पण आत्यांचं नाव या हिशेबात कुठेच येत नाही याचं वाईट वाटतं. मुली लग्न होऊन जातात हे गृहीत धरलं, की "सोबत राहणारा" हा शब्द सरळ दिसला तरी सरळ राहत नाही. आणि ज्यांच्या आजोबांकडे गिरगावातली भाडेपावतीच नव्हती, त्यांच्या नातवंडांनी कुठे जायचं? नव्या चाळी बांधणं तर कधीच बंद झालं. परवडणारं भाड्याचं घर कमी होत गेलं आणि शहर विरार-बदलापूरपर्यंत पसरलं.

चाळीत सध्या वेगळाच वाद पेटलाय. आजवर महिन्याचं भाडं काही शे रुपये होतं. टॉवरला लिफ्ट, पंप, वॉचमन, सगळ्याचा मेंटेनन्स येणार. बिल्डरचा माणूस म्हणतो, कॉर्पस फंडाच्या, म्हणजे बिल्डर एकरकमी देणार त्या ठेवीच्या, व्याजात भागेल. काकूंनी त्याच्यासमोरच कागद-पेन घेऊन व्याज मांडलं, भागत नाही. चुलतभाऊ ताबा मिळाल्यावर विकून ठाण्याला मोठं घर घ्यावं म्हणतो, काकांना ते पसंत नाही, आणि समितीच्या पुढच्या मीटिंगला कॉर्पसचा आकडा वाढवून मागायचा असं मजल्यावर ठरलंय.