ओमानी ताटावरची दुआ

ओमानमध्ये कुणी जेवायला बोलावलं तर सकाळचा नाश्ता टाळायचा, हे इथल्या जुन्या मराठी मंडळींनी मला आधीच बजावून ठेवलं होतं. जमिनीवर सुफ्रा (जेवणाचं कापड) अंथरलेला, मधोमध परातीएवढं ताट, त्यात भाताचा डोंगर आणि त्यावर मांस. पाच-सहा जण एकाच ताटाभोवती बसतात. उजव्या हातानं आणि फक्त आपल्या समोरचं खायचं. ईदला निझव्याच्या एका सहकाऱ्याकडे गेलो तेव्हा शुवा होता. मसाला चोपडलेलं मांस पानांत गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ पुरून ठेवतात. नुसतं बोट लावलं तरी हाडापासून सुटून येतं.

यजमान काही केल्या थांबू देत नाहीत. बोलता बोलता चांगले तुकडे तुमच्या पुढ्यात सरकवत राहतात. ‘बस झालं’, ‘पोट भरलं’ याला कुणी भीक घालत नाही. ‘अल्हम्दुलिल्लाह’ (अल्लाहची स्तुती असो) म्हणून हात मागे घेतला की मग पटतं. (तरी शेवटचा एक तुकडा येतोच.)

माझ्या शेजारी बसलेले सहकाऱ्याचे वडील बोटं चाटत खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटले आणि हात धुवायला उठले. ना डोळे मिटणं, ना सगळ्यांनी मिळून म्हणणं. जेवण अप्रतिम झालंय असं मी म्हणालो, तर त्यांनीही ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हटलं, जणू मी त्यांची नव्हे, दुसऱ्याच कुणाची तारीफ केली होती.

ते काय पुटपुटले हे मला समजावलं आमच्या साइटवरच्या फोरमन चाचांनी. चाचा दापोलीकडचे, मराठी माझ्याइतकीच घरची. सर्रास म्हटली जाते ती दुआ अशी: ‘अल्हम्दु लिल्लाहिल्लझी अत्अमना व सकाना व जअलना मुस्लिमीन’. ज्यानं आम्हाला खाऊ घातलं, पाणी पाजलं आणि मुसलमान केलं, त्या अल्लाहची स्तुती असो. दुसऱ्याच्या घरी जेवलं की यजमानासाठी वेगळी दुआ: अल्लाह, तू यांना जे दिलंस त्यात बरकत दे, यांना माफ कर, यांच्यावर दया कर. रमजानात कुणाकडे रोजा सोडला तर आणखी एक: रोजेदार तुमच्याकडे रोजा सोडोत, नेक माणसं तुमचं अन्न खावोत, फरिश्ते तुमच्यासाठी दुआ करोत.

यजमानाच्या दुआ ऐकताना मला पंगतीतलं ‘अन्नदाता सुखी भव’ आठवलं. पण इथे हिशेब जरा निराळा आहे. अन्नाबद्दलचे आभार वर जातात. यजमानाच्या वाट्याला आशीर्वाद येतात. मला ही विभागणी आवडली. वाढणाऱ्यावर उपकारकर्ता होण्याचं ओझं राहत नाही आणि खाणारा मिंधा होत नाही.

एका दुआपाशी मात्र मी अडलो. हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, संग्रहांत ती आहे, आणि ती म्हणणाऱ्याचे मागचे गुन्हे माफ होतात असं तिथं सांगितलंय. तिचा अर्थ: हे अन्न त्यानं मला दिलं, माझ्या कसल्याही जोर-ताकदीशिवाय. चाचांच्या तोंडी हे ऐकून मला राहवलं नाही. जून ते ऑगस्ट इथे दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम कायद्यानंच बंद असतं, इतकं ऊन. बाकीचा वेळ हा माणूस त्याच उन्हात उभा. “चाचा, ताकद तर तुमचीच की!”

चाचा हसले. “माझा धाकटा भाऊ माझ्या दुप्पट ताकदीचा. दोघांनी एकाच दिवशी अर्ज केले. व्हिसा माझा आला. आता सांगा, यात ताकद कुठं आली?”

तुमच्यापैकी कुणी इकडे आलात तर एवढं करा: जेवण झाल्यावर लगेच उठू नका, हलवा आणि वेलचीचा काहवा (अरबी कॉफी) यायचा असतो. पेला रिकामा दिसला की पुन्हा भरतात; नको असेल तर तो हलकासा हलवून परत द्यायचा. मग ऊद (सुगंधी लाकूड) किंवा लोबानाची धुरी फिरते. धुरी फिरली की बेलाशक निघा, त्यात कुणाला वाईट वाटत नाही.